एस६केचा बँड गेला म्हणजे प्रथिननिर्मिती थांबली का?

कातळशिल्प

एमएस्सीच्या प्रकल्प-अहवालांत एक वाक्य हमखास भेटते: "एस६के१ वरचा टी३८९ चा फॉस्फेट नाहीसा झाला, म्हणजेच पेशीतील प्रथिननिर्मिती थांबली." (एस६के१ हे वाढीचा सिग्नल पुढे नेणारे एक काइनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे प्रथिन; टी३८९ ही त्याच्यावरची फॉस्फेटची एक जागा.) यातला पहिला अर्धा भाग ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने बँड दाखवणारी चाचणी) दिसतो, दुसरा कुणी मोजलेलाच नसतो. माझ्या मते त्या 'म्हणजेच'वर अहवाल परत पाठवायला हवा. सगळ्या मार्गदर्शकांना तसे वाटत नाही, म्हणून हा धागा.

प्रयोग नेहमीचाच. एचईके२९३ (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचा एक प्रकार) पेशी, साधारण ७० टक्के भरलेली प्लेट, ५० मिनिटे ल्यूसिन हे ॲमिनो आम्ल नसलेल्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात), मग १० मिनिटे ल्यूसिन परत (डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये असते तेवढेच, ०.८ मिलिमोलर). पुढची साखळी पेशीतल्या प्रथिनांची: ल्यूसिन असले की ते सेस्ट्रिन२ ला चिकटते, सेस्ट्रिन२ गेटर२ ला सोडते, गेटर१ चा अडसर दूर होतो, रॅगची जोडी एमटॉरसी१ ला (पोषण पाहून पेशीची वाढ चालवणारा, एमटॉर या काइनेजभोवतीचा संच) लायसोसोमच्या पृष्ठभागावर आणते आणि तिथे रेब-जीटीपी त्याला चालू करतो. चालू झालेला एमटॉरसी१ एस६के१ आणि ४ई-बीपी१ (प्रथिननिर्मितीची सुरुवात अडवणारे प्रथिन) या दोघांवर फॉस्फेट चढवतो. इथपर्यंत वाद नाही.

प्रश्न दोन. या बँडवरून प्रथिननिर्मितीच्या वेगाबद्दल कितपत बोलता येते? आणि किरणोत्सारी पदार्थ न वापरता, साध्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो वेग मोजायचा तर कसा?

रसायनी

थोडा विरोधी सूर लावतो. टी३८९ चा बँड हा एमटॉरसी१ चा उत्तम निदर्शक आहे. काही मिनिटांत पडतो, काही मिनिटांत परत येतो, अँटिबॉडी भरवशाच्या आहेत. दोष बँडचा नाही, वाक्याचा आहे. "एमटॉरसी१ ची क्रिया खाली आली" एवढेच लिहिले तर अहवाल बिनचूक आहे. प्रत्येक प्रकल्पात प्रथिननिर्मिती मोजायचा आग्रह धरला तर सहा महिन्यांत काहीच पुरे होणार नाही.

मात्र एक पथ्य पाळाच: उपासमारीच्या मीडियममध्ये नेहमीचे सीरम घालू नका. त्यात मोकळी ॲमिनो आम्ले असतात, ल्यूसिनसुद्धा. डायलिसिस केलेले सीरम वापरा, नाहीतर बँड अर्धवट राहतो आणि दोष अँटिबॉडीला मिळतो.

खारफुटी

रसायनींच्या दुसऱ्या परिच्छेदाला +१, पहिल्याशी अर्धीच सहमती.

प्रथिननिर्मितीबद्दल बोलायचे असेल तर एस६केपेक्षा ४ई-बीपी१ जवळचा साक्षीदार आहे. एमआरएनएच्या टोपीला (सुरुवातीच्या टोकाला) ईआयएफ४ई धरतो (ईआयएफ म्हणजे निर्मिती सुरू करून देणारी प्रथिने), त्याला ईआयएफ४जी येऊन मिळतो, मग रायबोसोमचा लहान भाग चढतो. फॉस्फेट नसलेला ४ई-बीपी१ ईआयएफ४ई च्या नेमक्या त्याच जागी बसतो जिथे ईआयएफ४जी बसायला हवा. एमटॉरसी१ ने टी३७/४६, टी७० आणि एस६५ वर फॉस्फेट चढवले की तो सुटतो. एस६केचा सुरुवातीच्या टप्प्याशी संबंध आहेच, पण तो आडवळणाने, ईआयएफ४बी आणि पीडीसीडी४ या मधल्या प्रथिनांमार्फत.

हा फरक पुस्तकी नाही. एमटॉरसी१ ला अडवणारे रॅपामायसिन २० नॅनोमोलर तासभर द्या. टी३८९ पूर्ण जाईल, ४ई-बीपी१ चा टी३७/४६ बराचसा तसाच राहील आणि एकूण प्रथिननिर्मिती थोडीच उतरेल. आता २५० नॅनोमोलर टोरिन१ (एमटॉर अडवणारे दुसरे रसायन) द्या. दोन्ही बँड जातील आणि निर्मिती निम्म्याहून खाली येईल. दोन्ही लेनमध्ये टी३८९ मात्र सारखाच रिकामा! कातळशिल्प, तुमच्या 'म्हणजेच'चे उत्तर या दोन लेनमध्ये आहे.

कारण असे की रॅपामायसिन पेशीतल्या एफकेबीपी१२ या प्रथिनाला घेऊन एमटॉरच्या एका बाजूला चिकटते आणि काइनेजच्या खाचेची वाट अरुंद करते. एस६केसारखे कमजोर सब्सट्रेट (ज्यांवर फॉस्फेट चढतो ती प्रथिने) अडतात, ४ई-बीपी१ च्या काही जागा तरीही आत पोचतात. टोरिन थेट एटीपीची जागा घेते, त्यामुळे सगळेच अडते. अर्थात मग एमटॉरचा दुसरा संच, एमटॉरसी२, सुद्धा अडते, म्हणून तो जिथे फॉस्फेट चढवतो ती एकेटी या काइनेजवरची एस४७३ ची जागा शेजारी लावायची.

वाळूघड्याळ

४ई-बीपी१ चा ब्लॉट लागतच नाही, पडदा कोरा येतो. अँटिबॉडी बदलून पाहिली. काय राहिले?

खारफुटी

@वाळूघड्याळ, अँटिबॉडी नव्हे, बहुधा ट्रान्सफर. १५ ते २० किलोडाल्टनचे प्रथिन आहे, ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून पलीकडे निघून जाते. ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ पडदा घ्या, वेळ कमी करा आणि पहिल्या वेळी मागे दुसरा पडदा लावा. बँड तिथे सापडला तर निदान झाले. जेल १५ टक्के, डाय पार तळाशी जाईपर्यंत सावकाश चालवा म्हणजे अल्फा, बीटा, गॅमा हे तीन बँड वेगळे दिसतील. फॉस्फेट जितके जास्त तितका बँड वर. त्यामुळे एकूण ४ई-बीपी१ ची अँटिबॉडीसुद्धा फॉस्फेटची बातमी देते.

आणखी एक सोय: हे प्रथिन उकळले तरी साकळत नाही. लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) ९५ अंशांवर ५ ते १० मिनिटे ठेवून फिरवा, बाकीचा गाळ खाली बसतो, ४ई-बीपी१ वरच्या द्रवात राहते. बँड फिका असेल तर याने उठून येतो.

ब्लॉकिंगला दूध नको. केसिन स्वतःच फॉस्फेटने भरलेले असते. ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन).

रसायनी

लायसिस बफरचेही लिहून ठेवतो, कारण अर्धे ब्लॉट तिथेच बिघडतात. फॉस्फेटेज दोन-चार मिनिटांत बँड खाऊन टाकतात. १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, १० मिलिमोलर पायरोफॉस्फेट, १ टक्का ट्रायटन, प्रोटिएज इन्हिबिटर, सगळे बर्फात. प्लेट बर्फावर ठेवून थंड पीबीएसने एकदाच धुवा आणि बफर प्लेटवरच ओता. ट्रिप्सिनने सोडवून, फिरवून, मग लायसिस करण्यात दहा मिनिटे जातात आणि तेवढ्यात पेशीची अवस्थाच बदलते. एमटॉरसी१ चा संच अखंड हवा असेल (रॅप्टर या त्याच्या घटकासह खेचून काढायचा असेल) तर ट्रायटन चालणार नाही, ०.३ टक्के सीएचएपीएस हा सौम्य डिटर्जंट घ्या. ट्रायटनने रॅप्टर सुटतो.

दीपमाळ

थोडे विषयांतर. रॅपामायसिनचे नाव निघालेच आहे तर सुरेंद्र नाथ सेहगल यांचा उल्लेख व्हायला हवा. रापा नुई (ईस्टर आयलंड) बेटावर १९६४ साली कॅनडाची मोहीम गेली होती, तिथल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत त्यांच्या गटाने हे रसायन वेगळे केले. शोध होता बुरशीनाशकाचा. १९८३ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सेहगलांनी त्या जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपला. पुढे १९९१ साली बासलमध्ये यीस्टवर काम करताना टॉरची जनुके सापडली, आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड-रोपणासाठी सिरोलिमस म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध आधी आणि त्यावरून पेशीतला मार्ग नंतर, असा हा क्रम आहे. एमटॉरच्या नावातला 'आर' रॅपामायसिनचाच.

पेशीपुराण

चर्चा सगळी एमटॉरभोवतीच फिरतेय. ल्यूसिन काढल्यावर आणखी एक मार्ग जागा होतो: जीसीएन२ या काइनेजचा. त्याला धरले नाही तर निर्मिती का उतरली याचे उत्तर चुकते.

ॲमिनो आम्ल संपले की त्याचे टीआरएनए (ॲमिनो आम्ल रायबोसोमकडे वाहून नेणारे रेणू) रिकामे फिरू लागतात. जीसीएन२ ते ओळखतो आणि ईआयएफ२ च्या अल्फा घटकावर एस५१ ला फॉस्फेट चढवतो. ईआयएफ२ चे काम जीटीपी आणि पहिला मेथिओनिन-टीआरएनए घेऊन रायबोसोमच्या लहान भागावर जाणे. काम झाले की त्याच्याकडे जीडीपी उरतो, तो बदलून देणारा ईआयएफ२बी. फॉस्फेट असलेला ईआयएफ२ या 'बी'ला सोडत नाही. पेशीत 'बी' मोजकेच असल्याने ईआयएफ२ च्या थोड्याशा हिश्श्यावर फॉस्फेट चढला तरी सगळ्यांची अदलाबदल रखडते. म्हणून इथे बँड दुप्पट झाला की निर्मिती निम्मी झाली, असले त्रैराशिक मांडू नये. नाते सरळ रेषेचे नाहीच.

एकूण निर्मिती उतरत असताना एटीएफ४ (ताणाला तोंड देणारी जनुके चालू करणारे प्रथिन) मात्र वाढतो, ही यातली सर्वांत देखणी गोष्ट. त्याच्या एमआरएनएवर खऱ्या सुरुवातीच्या आधी दोन छोट्या चौकटी (रायबोसोम वाचू शकेल असे तुकडे) आहेत. पहिली जेमतेम तीन ॲमिनो आम्लांची. दुसरी ५९ ची, आणि तिचा शेवट एटीएफ४ च्या सुरुवातीच्या पुढे, त्याच्या चौकटीत घुसलेला. रायबोसोम पहिली वाचून पुढे सरकतो. पेशी सुखात असेल तर नवा ईआयएफ२-जीटीपी लगेच मिळतो, तो दुसरीवर सुरुवात करतो आणि एटीएफ४ ची सुरुवात ओलांडूनच थांबतो, म्हणजे एटीएफ४ बनत नाही. ताण असेल तर ईआयएफ२-जीटीपी मिळायला उशीर होतो, रायबोसोम दुसरी सुरुवात न ओळखता ओलांडतो, आणि तोवर ईआयएफ२ मिळाला की थेट एटीएफ४ वर सुरू होतो. नुसत्या उशिरावर चालणारी निवड आहे ही.

ब्लॉट लावणाऱ्यांसाठी: फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा लवकर चढतो आणि काही तासांत उतरतो, कारण एटीएफ४ च्या मागोमाग बनलेला जीएडीडी३४ फॉस्फेट काढणाऱ्या पीपी१ ला तिथे आणतो. आठ तासांचा एकच नमुना घेऊन "ताण नाही" असे लिहू नका. ३० मिनिटे, १, २, ४ आणि ८ तास घ्या. बिनचूक पॉझिटिव्ह हवा तर १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन तासभर. तो पर्क या दुसऱ्या काइनेजच्या वाटेने येतो, पण एस५१ तोच.

लोखंडी_कढई

या एस५१ वर चार काइनेज येऊन मिळतात: जीसीएन२, पर्क (ईआर या पेशीतल्या जाळ्यात न घडी पडलेली प्रथिने), पीकेआर (विषाणूचा दुहेरी आरएनए) आणि एचआरआय. चौथ्याची ओळख पॅथॉलॉजी विभागात रोज होते, फक्त त्या नावाने होत नाही.

एचआरआयला हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) मिळाले की तो गप्प बसतो. लोह कमी पडले, हीम घटले, की तो चालू होतो आणि रक्तपेशी घडवणाऱ्या पूर्वपेशीत ग्लोबिनची निर्मिती रोखतो. हीमशिवाय ग्लोबिन साचले तर पेशीला घातकच. लोहाच्या कमतरतेत एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) आणि एमसीएच (तिच्यातले सरासरी हिमोग्लोबिन) दोन्ही खाली का, लहान आणि फिक्या पेशी का, याचे उत्तर इथे आहे. एचआरआय काढून टाकलेल्या उंदरांना लोह कमी दिले तर ॲनिमिया होतो, पण पेशी लहान आणि फिक्या राहत नाहीत. आत ग्लोबिनचे गोळे साचतात आणि पेशी मरतात. लहान, फिकी पेशी ही नियमनाने साधलेली तडजोड आहे.

परीक्षानळीत प्रथिने बनवण्यासाठी वापरतात त्या सशाच्या रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) लायसेटमध्ये हेमिन (हीमचेच एक रूप) घालतात तेही याचसाठी. २० मायक्रोमोलरच्या आसपास हेमिन नसेल तर पहिली पाच-दहा मिनिटे निर्मिती व्यवस्थित चालते आणि मग एकदम बसते. किट जुने झाल्याची शंका घेण्याआधी हेमिन पाहा.

शिवाय मानवी पूर्वपेशींत एचआरआय कमी केला की गर्भातले हिमोग्लोबिन वाढते, हे २०१८ मध्ये दिसले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेलचे काम करणाऱ्यांनी या मार्गावर नजर ठेवावी.

भुईमूग

आहारशास्त्राच्या बाजूने. 'सिग्नल म्हणजे निर्मिती' हा गैरसमज जिममध्ये ल्यूसिनची पूड विकणाऱ्यांच्या फार कामी येतो.

माणसांत मोजलेले आहे: एका वेळी ४८ ग्रॅम व्हे (दुधाच्या निवळीतले प्रथिन) दिले, स्नायूतील प्रथिननिर्मिती सुमारे दीड तासात तिपटीपर्यंत गेली आणि मग मूळ पातळीवर आली. त्या वेळी रक्तात ॲमिनो आम्ले चढीच होती आणि स्नायूत एमटॉरसी१ चा सिग्नलही चढाच होता. तिथे कुणी फक्त एस६के पाहिला असता तर निर्मिती अजून जोरात आहे असेच लिहिले असते. उलट बाजूही पक्की आहे, रॅपामायसिन दिलेल्या स्वयंसेवकांत ॲमिनो आम्लांनी होणारी वाढ दिसली नाही. सिग्नल लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही.

वाळूघड्याळ

@भुईमूग, मग डाळभातवाल्यांनी काय करायचे?

भुईमूग

एका जेवणात २० ते २५ ग्रॅम प्रथिन आणि त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ल्यूसिन, असा ढोबळ आडाखा धरतात. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिन आणि दीड ग्रॅमच्या आसपास ल्यूसिन. पण एका ताटात १०० ग्रॅम कच्ची डाळ कुणी खात नाही, वाटीभर वरणात तिचा छोटा हिस्सा असतो. म्हणून वरणाचा दाटपणा वाढवा, उसळ घ्या, सोबत दही किंवा ताक, दाण्याची चटणी सढळ हाताने. नुसती ल्यूसिनची पूड घेतली तर सिग्नल मिळेल, पण साखळी विणायला बाकीची आठ अत्यावश्यक ॲमिनो आम्ले कुठून येणार?

अनुस्वार

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच आहे: वेग मोजायचा कसा. प्युरोमायसिन. २००९ मध्ये 'सनसेट' नावाने ही पद्धत रूढ झाली आणि ज्याच्याकडे वेस्टर्न ब्लॉटची सोय आहे त्याला ती जमते.

प्युरोमायसिन टीआरएनएच्या टोकासारखे दिसते. वाढत्या साखळीत शिरते आणि साखळी तिथेच तुटून सुटते, शेंड्याला प्युरोमायसिन घेऊन. प्युरोमायसिनविरोधी अँटिबॉडीने (१२डी१० हा नेहमीचा क्लोन) ब्लॉट केला की पूर्ण लेनभर पट्टा दिसतो. पट्टा जितका गडद तितक्या साखळ्या चालू होत्या.

उपचाराच्या शेवटच्या १० मिनिटांत, मीडियम न बदलता, १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. आपल्या पेशींसाठी आधी १, ३ आणि १० लावून पाहा आणि जिथे पट्टा अजून प्रमाणात वाढतोय तिथली मात्रा घ्या. १० मिनिटांहून जास्त ठेवू नका, तुटलेल्या साखळ्या प्रोटिएसोमकडे (प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे) जातात आणि मग तुम्ही निर्मिती वजा विल्हेवाट मोजत बसता. मीडियम बदलले तर उपासमार तिथेच मोडते, म्हणून दहापट तीव्र द्रावण त्याच मीडियममध्ये करून हलकेच सोडा.

तीन कंट्रोल सोडू नका. प्युरोमायसिन न दिलेली लेन (अँटिबॉडीची पार्श्वभूमी), आधी ५ मिनिटे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली सायक्लोहेक्झिमाइड (रायबोसोम थांबवणारे रसायन) दिलेली लेन (निर्मिती बंद असताना उरणारा पट्टा) आणि नेहमीच्या मीडियममधली. मोजताना एक बँड निवडू नका, संपूर्ण लेन मोजा आणि पाँसोच्या रंगाने (पडद्यावरचे एकूण प्रथिन दाखवणाऱ्या) भागा. ॲक्टिनने भागण्यापेक्षा ते बरे.

मर्यादाही आहे. ग्लुकोज काढून ऊर्जाच तोडलेल्या पेशींत या पद्धतीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा चढा येतो. तिथे तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

वाळूघड्याळ

सायक्लोहेक्झिमाइडची लेन तयारच आहे, तर त्याच लायसेटवर टी३८९ पण लावावा. निर्मिती बंद आणि सिग्नलही बंद, दोन्ही दिसेल.

पेशीपुराण

उलटे दिसेल. सायक्लोहेक्झिमाइडने साखळ्या थांबल्या की ॲमिनो आम्ले खर्च होत नाहीत, पेशीत साचतात, आणि एमटॉरसी१ ला वाटते सुबत्ता आहे. टी३८९ चढतो. निर्मिती शून्याजवळ आणि एस६के झळकतोय! पण वाळूघड्याळ, लेन जरूर लावा. धाग्याच्या शीर्षकाला याहून थेट उत्तर नाही.

रसायनी

ही लेन पाहून माझा "सहा महिन्यांत काही पुरे होणार नाही" हा आक्षेप मागे. प्युरोमायसिनचा एक जादा ब्लॉट म्हणजे दोन दिवस.

एस-३५ मेथिओनिन (किरणोत्सारी गंधक असलेले ॲमिनो आम्ल) वापरावे असे कुणी सुचवण्याआधी: एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, वेगळी खोली, कचऱ्याची व्यवस्था, हे सगळे आधी. आणि या प्रश्नासाठी ते फारसे योग्यही नाही. लेबल शिरावे म्हणून आधी मेथिओनिन काढावे लागते, म्हणजे मेथिओनिनपासून बनणारे एसएएम घटते, ते ओळखणाऱ्या सॅमटॉर या प्रथिनामार्फत एमटॉरसी१ उतरतो, शिवाय जीसीएन२ जागा होतो. एएचए (मेथिओनिनसारखा रेणू) वापरून केलेल्या क्लिक पद्धतीतही (नव्या प्रथिनांना रसायनाने चमकता रंग जोडणे) तीच अडचण. क्लिकच करायचे तर ओ-प्रोपार्जिल-प्युरोमायसिन घ्या, काहीच काढावे लागत नाही आणि फ्लो सायटोमीटरवर पेशीगणिक आकडा मिळतो.

खारफुटी

ज्यांच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज आहे त्यांनी एकदा तरी पॉलिसोम (एका एमआरएनएवर चढलेले अनेक रायबोसोम) वेगळे करून पाहावेत. १० ते ५० टक्के सुक्रोजचा उतार, एसडब्ल्यू४१ रोटर, ३६,००० आरपीएम, दोन तास, ४ अंश. लायसिस बफरमध्ये ५ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली सायक्लोहेक्झिमाइड, म्हणजे रायबोसोम जागीच थिजतात. सुरुवात अडली असेल तर ८०एसचा (एकट्या रायबोसोमचा) डोंगर वाढतो आणि पुढच्या पॉलिसोमच्या लाटा सपाट होतात. साखळी पुढे सरकणेच अडले असेल (उदाहरणार्थ साखळी पुढे सरकवणाऱ्या ईईएफ२ वर टी५६ ला फॉस्फेट) तर निर्मिती उतरूनही पॉलिसोम शाबूत दिसतात. प्युरोमायसिनला हा भेद कळत नाही. एका नमुन्यात ईडीटीए घालून लाटा कोसळतात ना ते पाहा. कोसळल्या नाहीत तर ते पॉलिसोम नव्हतेच.

कातळशिल्प

सर्वांचे आभार. प्रयोग असा बदलतोय. चार प्लेट: पूर्ण मीडियम, ल्यूसिनशिवाय, पूर्ण मीडियम अधिक टोरिन१, ल्यूसिनशिवाय अधिक २०० नॅनोमोलर आयस्रिब (ईआयएफ२ च्या फॉस्फेटचा परिणाम पुसणारे रसायन). प्रत्येकात शेवटी १० मिनिटे प्युरोमायसिन, वर अनुस्वार यांचे कंट्रोल. ब्लॉट: टी३८९, ४ई-बीपी१, फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा, एटीएफ४, प्युरोमायसिन. आयस्रिबने पट्टा जितका परत येईल तितका वाटा जीसीएन२ चा, उरलेला एमटॉरसी१ चा, असे वाचता येईल ना?

पेशीपुराण

जवळपास. तीन गोष्टी सांभाळा. आयस्रिब ईआयएफ२बी ला घट्ट करते, एस५१ च्या फॉस्फेटला हात लावत नाही, त्यामुळे तो बँड तसाच राहील. औषध चालले की नाही ते एटीएफ४ वरून ठरवा. दुसरे, फॉस्फेट फारच चढला तर आयस्रिब पुरे पडत नाही. ल्यूसिनच्या उपासात ती वेळ येऊ नये, आर्सेनाइटच्या (पेशीला जबर ताण देणारे रसायन) कंट्रोलमध्ये येऊ शकते. तिसरे, एटीएफ४ ची निर्मिती एमटॉरसी१ सुद्धा वाढवतो, म्हणून टोरिनच्या लेनमध्ये एटीएफ४ उतरला तर गोंधळू नका.

वाटा पक्का करायचा तर रॅग-बी क्यू९९एल (रॅगचे कायम चालू राहणारे रूप) व्यक्त करणाऱ्या पेशी शेजारी लावा. त्यांत ल्यूसिन काढले तरी एमटॉरसी१ उतरत नाही. तिथे पट्टा जेवढा घसरेल त्यात एमटॉरसी१ चा हात नाही.

अनुस्वार

आणि आर्जिनिन काढलेली पाचवी प्लेट जोडा. एचईकेमध्ये ल्यूसिन काढल्यावर दोन्ही मार्ग सुरुवात वेळीच आवरतात, म्हणून रायबोसोम फारसे अडकत नाहीत. आर्जिनिन काढल्यावर ते आर्जिनिनच्या कोडॉनवर अडकून पडतात. दोन्ही प्लेट एकाच जेलवर, शेजारच्या लेनमध्ये घ्या. वेगवेगळ्या पडद्यांवरचे प्युरोमायसिनचे पट्टे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.